तोफखान्याच्या चार घोड्या

गल्लीत त्याला तोफखाना म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे, कारण पाठीमागे कुजबुजून बोललेलं त्याला ऐकू येत नसे आणि मग मजा कसली. तीस वर्षं ट्रकखाली उताणं पडून हातोडे मारलेला मिस्त्री तो. कान निम्मे गेले होते, गुडघे पुरते गेले होते, आवाज तेवढा शाबूत होता. चहात साखर जास्त पडली की ओरडायचा, कमी पडली की ओरडायचा, आणि बरोबर पडली तर चहा गार झाला म्हणून ओरडायचा. बायको गेल्यापासून चहा तो स्वतःच करत होता, तरीही ओरडायचा.

पण खरी तोफ डागायची ती घोड्यांवरून. घोडी म्हणजे लोखंडी तिपाई. जॅकनं ट्रक उचलायचा, त्याचं वजन घोडीवर टेकवायचं आणि मगच माणसानं खाली जायचं. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. एवढी साधी गोष्ट, पण लोकांच्या डोक्यात शिरेल तर शपथ. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणत नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरणारा माणूस दिसला की तोफखान्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्याच्या चार घोड्या त्यानं स्वतः जोडलेल्या होत्या, जाड नळीच्या, अंगठ्याएवढ्या खिळीच्या. त्या शेडमध्ये साखळदंडाला कुलूप घालून ठेवलेल्या असत. कुणी मागायला आला की त्याला घोड्या मिळत नसत, शिव्या मात्र पोटभर मिळत.

या रागाचं मूळ जुनं होतं. ऐन उमेदीत तो एका ट्रकवाल्याच्या आवारात कामाला होता. जोडीदार दगडांवर टेकवलेल्या ट्रकखाली काम करत होता. दगड सरकतोय असं याला दिसलं आणि हा बेंबीच्या देठापासून ओरडला, ‘निघ!’ जोडीदार दचकला, उठायला गेला, त्याचं कोपर नेमकं त्याच दगडाला लागलं आणि ट्रक खाली बसला. जोडीदाराचा पाय मांडीपासून गेला. कुणी याला दोष दिला नाही, जोडीदारानंही नाही. त्यानंच याचं जास्त वाटोळं झालं. दिला असता दोष तर भांडता तरी आलं असतं. तेव्हापासून तो जगावर ओरडत आला, पण ट्रकखाली असलेल्या माणसावर कधीच नाही. माणूस बाहेर आला, अंगावरची धूळ झटकली, की मग त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. आणि दुसरा नियम असा की ज्यानं गाडी उचलली, त्यानंच आधी खाली जायचं. आपल्या हातावर आपला भरवसा नसेल तर दुसऱ्याचा जीव त्यावर ठेवू नये. लेक सात वर्षांची होती तेव्हापासून हे ऐकत आली होती.

त्या लेकीनं आणि जावयानं मालवाहतुकीसाठी एक जुना छोटा ट्रक घेतला. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. महिन्याभरापूर्वी जावई घोड्या मागायला आला. साधा माणूस, तोंडातून शब्द निघायला वेळ लागणारा.

“जावईबापू, खेळणी वाटली काय तुम्हाला?” तोफखाना दारातूनच सुरू झाला. “चाकाला पाचर कुठून लावतात, माहितीये? ट्रक घेण्याआधी अक्कल घ्यायची होती थोडी. ती मिळत नाही का जुन्या बाजारात?”

गल्ली खिडक्यांतून हसली. जावई मान खाली घालून गेला, आणि तोफखान्याला वाटलं, चला, एकाला तरी शहाणं केलं.

परवा दुपारी तो लेकीचा डबा परत द्यायला गेला. फाटक ढकललं आणि पाय जागच्या जागी थांबले. ट्रकची मागची दोन्ही चाकं काढलेली. मागचा सगळा भार सिमेंटच्या दोन पोकळ ठोकळ्यांवर. जॅक काढून भिंतीशी ठेवलेला. जावई बल्ब धरून उभा होता आणि ट्रकखालून लेकीचे पाय बाहेर आले होते. ती आत पान्यानं बोल्ट ओढत होती. प्रत्येक ओढीसरशी डावीकडच्या ठोकळ्यातून पिठासारखी भुकटी गळत होती. वरपासून खालपर्यंत तडा गेला होता त्याला.

तोफखान्याचा तीस वर्षांचा आवाज घशापर्यंत धावत आला, आणि त्यानं तो दातांखाली दाबला. जावई काही बोलणार, एवढ्यात तोफखान्यानं त्याच्याकडे असं काही बघितलं की तो बल्बासकट गोठला. मग गुडघ्यांची पर्वा न करता तोफखाना जमिनीवर बसला.

“बाळा,” तो म्हणाला. इतकं हळू, की त्याचं त्यालाच धड ऐकू आलं नाही.

पाना थांबला. “बाबा?”

“पाना सोड हातातला. राहू दे तिथंच. घाई नाही काही. हात पोटाशी घे. आता माझ्या बाजूला सरक, सावकाश. कशाला धक्का लावू नकोस. मी आहे इथंच.”

ती इंच इंच सरकत बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“कोण गेलं?” तिनं विचारलं.

तो तिच्या अंगावरची भुकटी झटकायला लागला.

“आई गेली तेव्हा असं हळू बोलला होतात तुम्ही. त्यानंतर आज. कोण गेलं, सांगा ना.”

त्यानं तिला दंडाला धरून भिंतीपर्यंत नेलं. मग ट्रकला बाजूनं खांदा लावून एकच रेटा दिला आणि मागे सरला. ठोकळा बिस्किटासारखा मोडला. ट्रक धाडकन बसला. आत राहिलेला पाना दबून वाकडा झाला.

आता तोफ सुटली. “झोपा, जावईबापू! झोपा ना खाली! बायकोला ढकलताना लाज नाही वाटली? स्वतः बल्ब धरून उभे, आणि माझी पोरगी—”

“ठोकळे मी लावले,” लेक म्हणाली.

“काय?”

“मी लावले. ट्रक मी उचलला. ह्यांनी घोड्या मागितल्या होत्या तुमच्याकडे. तुम्ही अख्ख्या गल्लीसमोर ह्यांची इज्जत काढलीत. ते रात्री जेवले नाहीत. मी म्हटलं, मेले तरी बाबांकडे काही मागणार नाही.” तिचा आवाज चढला, अगदी बापासारखा. “आणि ज्यानं उचलला त्यानं आधी खाली जायचं ना? गेले मी. तुमचाच नियम आहे.”

तोफखान्याचा राग तर अंगात मावत नव्हता, पण तो काढायचा कुणावर? सगळ्यांना वगळत वगळत एकच माणूस उरला होता, आणि त्या माणसाच्या हातात अजून तिचाच रिकामा डबा होता. तो फाटकातून निघून गेला.

शेडच्या कुलपाची किल्ली वेळेवर सापडेना, तेव्हा त्यानं हातोडा घालून कुलूप फोडलं. चारही घोड्या हातगाडीवर घालून तो परत आला. पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी ठोकल्या, हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये टाकली. ट्रक जावयाला उचलायला लावला. घोड्या सपाट फरशीवर बसवून स्वतः खिळी घातली, ओढून पाहिली. जावयानं जॅक हळूहळू उतरवला. मग तिघांनी मिळून ट्रकला सगळ्या बाजूंनी रेटलं. ट्रक जागचा हलला नाही.

जावई नियमाप्रमाणे खाली जायला वाकला, तशी तोफखान्यानं त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं आणि स्वतः कुरकुरत्या गुडघ्यांनी आत सरकला.

त्याचे पायही आत दिसेनासे झाले. लेक ट्रकपाशी वाकली. तिचा हात जावयाच्या बाहीवर घट्ट आवळला होता.

“बाबा?”

आतून गडगडाट झाला. “नवा पाना दे ना, कारटे! मुहूर्त बघतेस काय? आणि जावईबापू, बल्ब बोल्टवर धरा, माझ्या डोळ्यांत नको! तीस वर्षं काम केलंय, पण असा आंधळा कारभार नाही बघितला!”

लेकीनं जावयाची बाही सोडली, डोळे पुसले आणि ती पाना शोधायला गेली.