गच्चीवरचा बोळा

मंडळी, आज सकाळी आमच्या जुन्या घराच्या गच्चीनं घाम फोडला.

वॉटरप्रूफिंग नुकतंच झालंय. कुठं ठिबकतंय का बघायला काल मिस्त्रींनी पाणी उतरायच्या पाइपात कापडाचा बोळा कोंबून गच्चीत पाणी साठवलं होतं. आज बघतो तर गच्ची कोरडी!

मिस्त्री हादरले. "पाणी मुरलंय. सगळं परत उकराय लागतंय बघा!"

तेवढ्यात ऐंशीचे बाबा जिन्यातून म्हणाले, "बोळा मीच काढला पहाटे. पाणी तुंबलं हुतं की! खाली तुम्ही झोपलेला."

दर पावसाळ्यात ते पहाटे गच्चीवर जाऊन तुंबलेला पाइप असाच मोकळा करत आलेत, हे मला आज कळलं.

आता परत पाणी भरलंय. बाबा खुर्ची टाकून बोळा राखत बसलेत.

तुमच्या घरचा पाइप कोण मोकळा करतंय, विचारलंय कधी?