बोरीची आडवी फांदी

आप्पा कधी धावले नाहीत. आम्ही पंचवीस-तीस जण महागडे बूट घालून धापा टाकत चढ संपवायचो, तर आप्पा रबरी चपला घालून, हातात विळा घेऊन, आमच्या आधीच वर बसलेले असायचे. कुठल्या पायवाटेने यायचे कोण जाणे. "या, या," म्हणायचे, "वाट काय पळी जाई का?"

धडगावच्या पुढे डोंगरात नर्मदेचं धरणामुळे फुगलेलं पाणी दऱ्यादऱ्यांत शिरलंय. त्या पाण्याच्या काठाने आमचा ग्रुप दर हिवाळ्यात बावीस किलोमीटरचा फेरा धावतो. आश्रमशाळेच्या मैदानातून निघायचं, धार चढायची, काठावर उतरायचं आणि नाल्यातून परत. आप्पा त्या शाळेत शिपाई होते. मूळचे सारंगखेड्याकडचे, पण निवृत्त झाल्यावरही ते शाळेमागच्या खोलीतच राहिले. घरून बोलावणं आलं की सांगायचे, "धावनारा येतस ना, त्यास्ले वाट कोन दखाडी?"

फेऱ्याच्या आधी आठवडाभर ते वाटेवरच्या प्रत्येक झोपडीत जाऊन बसायचे. तिथल्या लोकांची पावरी बोली त्यांना छान यायची. माणसं धावत जाणार आहेत, कुत्री बांधा, पाणी कुठवर आलंय ते सांगा, असं सगळं बोलून घ्यायचे. मी एकदा विचारलं, की वाट तर सरकारी आहे ना? ते हसले. "ज्यास्ना दारसमोरथून जानं, त्यास्ले इचारनं पडस."

माझं शिक्षण शहाद्याच्या इंग्रजी शाळेत झालं आणि घरी आम्ही गुजरी बोलतो. आप्पांची अहिराणी सगळी कळते, पण बोलायची वेळ आली की जीभ अडते. पहिल्या वर्षी एका पाड्यावर मी नुसतीच उभी राहिले होते. मला आडोसा हवा होता आणि कोणाला विचारायचं ते समजत नव्हतं. आप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, एका बाईशी दोन शब्द बोलले, आणि ती मला हाताला धरून घरामागे घेऊन गेली. परत आल्यावर आप्पांनी सगळ्यांना सांगितलं, "आमनी मॅडम इंग्रजीमा गप बसस." तेव्हापासून मी 'मॅडम' झाले. मला ते आवडायचं.

वळणावर ते चुन्याची खूण करायचे. जी वाट बंद, तिच्यावर ताजी फांदी आडवी टाकायचे. त्या डोंगरात ही खूण लहान पोरांनाही कळते. एका वर्षी फेऱ्याच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर त्यांनी ती आम्हालाही समजावून सांगितली. मी मागे बसून जीपीएसच्या घड्याळात मागच्या वर्षीच्या वाटेचा नकाशा भरत होते. ऐकलं नाही.

सकाळी मला पुढे पाठवलं होतं, काठाच्या फाट्यापर्यंतची वाट तपासून परत यायला. फाट्यावर खालच्या रुंद वाटेत बोरीची एक फांदी पडलेली होती. घड्याळातली रेघ तिथूनच खाली जात होती. कोणीतरी अडखळून पडेल, असं वाटून मी ती ओढून बाजूला टाकली. चांगलं काम केल्यासारखं वाटलं.

त्या वर्षी पाणी नुकतंच मागे सरलेलं होतं आणि खाली मांडीभर गाळ होता. पहिले तिघे सरळ त्यात गेले. एकाचा गुडघा पिरगळला. पाड्यावरच्या लोकांनी होडी आणि दोर आणून त्यांना काढलं, तोवर दुपार झाली.

मग ओट्यावर सगळे जमले, पाड्यावरची माणसंही. आमच्या ग्रुपच्या डॉक्टरांनी विचारलं, "आप्पा, खालची वाट बंद केली नव्हती?"

"फांदी टाकेल व्हती."

"आम्ही सगळे तिथूनच गेलो. फांदी नव्हती."

आप्पांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून बुटाची नाडी सोडत होते. काय घडलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते मला तीन भाषांत येत होतं. मी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

"मंग मन्हीच चूक शे," आप्पा म्हणाले. "ऱ्हाई गयी व्हयी."

जीपमध्ये बसताना त्यांनी मला थांबवलं, माझा उजवा तळहात उलटा केला, सदऱ्याची पिन काढली आणि आतला काटा अलगद वर घेतला. "बोरना शे. हळद लाव, नही ते पिकी जाई." एवढंच. तो काटा मला तोवर जाणवलाही नव्हता.

पुढच्या वर्षी ग्रुपने बाण छापलेल्या रिबिनी आणल्या. आप्पांना कशाला त्रास, असं ठरलं. बाजाराच्या दिवशी पाड्यावरची तरणी पोरं त्यांना विचारायची म्हणे, "आप्पा, आज कोणाला गाळात पाठवता?" ज्या लोकांकडून ते वाटा शिकले, त्यांचीच ती पोरं. उन्हाळ्याआधी खोली रिकामी करून आप्पा गावी निघून गेले.

या हिवाळ्यात मी त्यांच्या घरी गेले, सगळं सांगायचं ठरवून. वाक्य अहिराणीत पाठ केलं होतं. आप्पा ओसरीवर केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटाच्या दोऱ्या वळत होते. मला पाहून उठले, "मॅडम उनी!" म्हणून घरात हाक दिली. त्यांच्या पत्नी, काकू, बाहेर आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि लगेच म्हणाल्या, "पोरी, तू तर तठेच व्हती ना? ती गाळनी गोष्ट लोके अजून सांगतस. खरंच ह्यास्नीच चूक व्हयनी व्हती का?"

मी तोंड उघडलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दोरीला पीळ देत म्हणाले, "व्हयनी व्हती. मन्हीच. तू चहा टाक."

काकू आत गेल्या. चहा आला. मी तो प्यायले.