तिरकी भिंत

आमच्या ह्यांचा जन्म दुसऱ्यांच्या सभागृहांत स्पीकर लावण्यात गेला. टाळी वाजवायची, मान कलती करून ऐकायचं आणि म्हणायचं, "हातभर मागे घ्या." त्यांच्या कानावर लोकांचा भारी विश्वास. घर चाललं ते त्या कानांवरच.

हौसेनं घरी माझ्या कमरेएवढे दोन उभे स्पीकर आणले आणि माझं सुख संपलं. आमची बाहेरची खोली पाच कोपऱ्यांची, जिन्यामुळे उजवीकडची भिंत तिरकी. गाणाऱ्या बाईचा आवाज म्हणे मधोमध यायला हवा, तो डावीकडे सरकतो. "ही भिंत आवाज खाते," हे म्हणाले. झालं! उजवा स्पीकर पुढे ओढ, आत वळव, भिंतीवर रजई टांग. फरशीभर चिकटपट्टीच्या खुणा. चहा गार, जेवण गार, आणि सोफा रोज नव्या जागी. माझी नडगी दोनदा फुटली.

"अहो, बाई गातेय ना? गाऊ दे की कुठूनही."

"तुला नाही कळायचं."

आज ते बाजारात गेले तशी मी चिडून त्यांच्या खुर्चीत बसले आणि गाणं लावलं. उजवा स्पीकर नुसता कानात ओरडत होता. तो मी ढकलत पहिल्या खुणेवर नेला. बाई अगदी समोर येऊन गायला लागली. भिंतीनं काहीही खाल्लं नव्हतं.

ते आले, बसले, ऐकलं. "बघ, डावीकडेच जातोय."

"आता स्पीकरकडे पाठ करून बसा," मी म्हटलं. मदतनिसांना त्यांनीच शिकवलेली युक्ती. दोष भिंतीचा असेल, तर आता आवाज उजवीकडे जायला हवा.

त्यांनी खुर्ची फिरवली. गाणं सुरू झालं. त्यांचा हात डावीकडे उचलला गेला आणि तसाच राहिला.

मग मला जेवणाचं टेबल आठवलं. खिडकीतून वारा लागतो म्हणून त्यांनी मला हल्ली आपल्या डाव्या हाताला बसवलं होतं. रस्त्यानं चालतानाही मी डावीकडेच. म्हणजे उजव्या कानाचं ह्यांना ठाऊक होतं, आणि बिचाऱ्या भिंतीला शिव्या चालल्या होत्या. मला राग आला, रडूही आलं.

"कुणाला सांगू नकोस," समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत ते म्हणाले. "कामं बंद होतील."

मी त्यांच्या उजव्या खांद्याशी उभी होते. हळूच म्हटलं, "नाही सांगणार."

ते तसेच बसून राहिले, माझ्या उत्तराची वाट बघत.