एक टाकी संपेपर्यंत

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑटोत होतो. सोमवार होता, देवाच्या पालखीच्या सवारीसाठी रस्ते बंद व्हायला लागले होते आणि ऑटोवाला तिसऱ्यांदा सांगत होता, "बाबूजी, यहाँ से पैदल ही निकल जाओ." त्याच्याशी हुज्जत घालता घालताच फोन उचलला. पलीकडे सुधाकरची मुलगी मेघना होती. "काका, बाबा गेले. सकाळी छातीत दुखलं. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही." मी उतरलो आणि फ्रीगंजच्या दिशेने चालू लागलो. वाटेत एका यात्रेकरू बाईंनी मंदिराचा रस्ता विचारला, तो मी हातवारे करून अगदी व्यवस्थित सांगितला. नंतर त्याचाच मला राग आला, की चाळीस वर्षांचा मित्र गेला आणि आपण रस्ते कसले सांगत बसलो... आता दीड महिना होऊन गेला. राग उरला नाही, थकवा तेवढा राहिला आहे.

सुधाकरचं फ्रीगंजमध्ये मशीनचं दुकान होतं. पाण्याचे पंप, फवारणीची यंत्रं, जनरेटर आणि मुख्य म्हणजे खांद्याला अडकवून गवत कापायची ती पेट्रोलची मशीनं, ज्यांना सगळे ब्रश कटर म्हणतात. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. वडील रेल्वेत होते, त्यांच्याबरोबर लहानपणी इकडे हिंदी मुलखात आलो. सुधाकरचे पूर्वज दरबारच्या चाकरीत इथे आलेले, त्यामुळे तो मला कायम चिडवायचा, "आम्ही घोड्यावर बसून आलो मास्तर, तू पासवर आलास." संध्याकाळचा चहा त्याच्या दुकानात, हा नेम सुरू झाला तो त्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालला.

त्या दुकानाचा एक रिवाज होता. नवीन मशीन असो की दुरुस्तीचं, त्यात एक टाकी पेट्रोल भरायचं, दुकानासमोर ते सुरू करायचं आणि टाकी संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत गिऱ्हाइकाने तिथेच बसायचं. लोक वैतागायचे. "भैया, बस छूट जाएगी." सुधाकर त्यांच्या हातात चहा द्यायचा. "छूटने दो. टंकी खत्म होने दो." मग स्वतः डोळे मिटून आवाज ऐकत बसायचा. इंजिन थंड असताना सगळीच गोड बोलतात, तापलं की खरं काय ते बाहेर येतं, असं त्याचं म्हणणं. धुराने माझे डोळे चुरचुरायचे. कितीदा म्हटलं, अरे, निदान चहा तरी आत पिऊ या. पण नाही.

बाराएक वर्षांपूर्वी त्याच्या मनाने घेतलं की आपल्या नावाचं मशीन असावं. बाजारात तेव्हा चीनमधून येणाऱ्या मशीनांची रेलचेल झाली होती. एकाच कारखान्यातून निघालेलं मशीन चार रंगांत आणि चार नावांनी विकलं जायचं. सुधाकर म्हणाला, "मग पाचवं नाव आपलं का नको?" नावही त्याने ठरवून टाकलं होतं, मालती. त्याच्या आईचं नाव. तिने बांगड्या मोडून त्याला दुकान काढून दिलं होतं. ती तेव्हा हयात नव्हती, गल्ल्यामागे तिचा फोटो होता. चीनला जायचं तर इंग्रजी बोलणारं कुणीतरी हवं, म्हणून मला बरोबर घेतलं. मी काय, नाचतच गेलो.

कारखान्याच्या मॅनेजर बाई तिशीच्या, चटपटीत होत्या. त्यांच्यासाठी आम्ही आमच्याकडच्या भैरवगढ़च्या छाप्याची चादर नेली होती. ती त्यांनी तिथेच उलगडून पाहिली आणि छापा हाताने केलेला आहे, हे उलट बाजू बघून ओळखलं. सुधाकरला बाई तिथेच पटल्या. त्यांनी नमुन्याचं मशीन आणलं, सुधाकरने टाकी भरायला लावली आणि त्या भल्यामोठ्या आवारात आम्ही तिघं मशीनसमोर बसलो. टाकी संपल्यावर त्याने सिलिंडर उघडून आत बोट फिरवलं. "काय काम आहे यार... आपल्याकडे कुणी असं करून देत नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी भाव ठरवायचा होता. तिथे मी शेर झालो. फ्रीगंजमध्ये बायको चादरीचा भाव करते तसा मी हटून बसलो. बाई खाली येत गेल्या, फार विरोध न करता, आणि मला माझं मोठं कौतुक वाटू लागलं. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, की या भावात मशीन बाहेरून असंच दिसेल, पण आतलं काम भावाप्रमाणे असेल, चालेल ना? मी म्हटलं, ओके. शेजारी बसलेल्या सुधाकरला मराठीत सांगितलं, "मानली रे बाई." बस, एवढंच. आतलं वाक्य मी गाळलं. सांगितलं असतं तर सौदा मोडला असता आणि माझी मर्दुमकी पाण्यात गेली असती. शिवाय मला वाटलं, आतलं म्हणजे असून असून काय असणार?

माल आला. लाल रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'मालती'. नमुन्याचं मशीन वेगळ्या खोक्यात आलं, त्यावर नाव नव्हतं. ते सुधाकरने खिळ्याला टांगून ठेवलं. बाकीची हातोहात गेली. टाकीच्या परीक्षेतही पास झाली, कारण एक टाकी तर तीही चालायची. पहिल्या पावसाळ्यानंतर मात्र परत यायला लागली. सिलिंडरला ओरखडे, बेअरिंग ढिली. आणि लोक काय, तोंडाला येईल ते बोलणार. "भैया, आपकी मालती फिर बैठ गई." "मालती तो किसी काम की नहीं निकली." फोटोखाली उभा राहून सुधाकर ते ऐकायचा. एकदा कुणीतरी हसत हसत असं काही बोललं की मी चहा टाकून उठलो. सुधाकर मात्र शांतपणे म्हणाला, "छोड़ जाओ, ठीक कर दूँगा."

मग एका शाळेच्या बागेत पात्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण तडकलं आणि उडालेला दगड बद्रीलाल माळ्याच्या डोळ्याखाली लागला. डोळा वाचला, गालावर व्रण राहिला. त्याला दवाखान्यात बघून आल्यावर सुधाकरने उरलेली खोकी दोरीने बांधली आणि विकलेलं एकेक मशीन परत मागवायला सुरुवात केली. जी आली नाहीत ती आणायला बसने गावोगाव गेला. आतलं सगळं बदलायचं, पत्र्याचं झाकण बनवून बसवायचं, मग टाकी संपेपर्यंत चालवायचं. दोन वर्षं हेच. मी म्हटलं, निदान नाव तरी खरवडून टाक. तर म्हणाला, "आईचं नाव आहे मास्तर. खरवडू कसं?" लोक चायनाच्या मालाला शिव्या द्यायचे, तेव्हा तो कधी त्यांत सामील झाला नाही. खिळ्यावरच्या मशीनकडे बोट करून म्हणायचा, "वो भी वहीं का है. हमने जो माँगा, वही आया."

हे 'हमने' मला दर वेळी टोचायचं. मी मागितलं होतं, तू नाही, हे सांगायला किती संध्याकाळी तोंड उघडलं... "सुधाकर, त्या दिवशी ती बाई..." एवढं म्हणेपर्यंत तो उठायचा, दोरी ओढून कुठलं तरी मशीन सुरू करायचा आणि म्हणायचा, "आवाज ऐक, आवाज." त्या आवाजात कोण काय सांगणार? खरं तर मला सुटल्यासारखंच वाटायचं. शेवटच्या भेटीतही हेच झालं.

तेराव्याची जेवणं आटोपल्यावर मेघनाने ते बिननावाचं मशीन आणून माझ्यापुढे ठेवलं. "बाबांनी सांगून ठेवलं होतं, हे काकांना द्यायचं." मला राहवलं नाही. ज्याला सांगायचं तो गेला, म्हणून त्याच्या मुलीला सांगितलं. बाई काय म्हणाल्या होत्या, मी काय गाळलं, सगळं. मेघना माझ्यासमोर येऊन बसली.

"काका, बाबांना माहीत होतं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला? ते तुमच्या शेजारीच बसले होते न. बोलता नव्हतं येत, पण मशीनची पुस्तकं तर ते इंग्रजीच वाचायचे. म्हणायचे, बाईने विचारलं तेव्हा ती मास्तरकडे नाही, माझ्याकडे बघत होती. आणि मी मान हलवली."

"मग बारा वर्षं मला बोलला का नाही?"

"हिंमत नाही झाली त्यांची. म्हणायचे, मास्तरला वाटतं त्याने मला अंधारात ठेवलं. खरं सांगितलं तर त्याला कळेल, आजीच्या नावावर हलकं काम मी स्वतःच मान्य केलं. तुम्ही विषय काढला की ते घाबरायचे, काका. म्हणून तर मशीन सुरू करायचे."

मला आधी राग आला. बारा वर्षं एकाच बाकावर बसून दोघं म्हातारे एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते आणि वर चहा पीत होते. मग रडू आलं, तेही मेघनासमोर, आणि तिलाच माझी समजूत काढावी लागली.

मशीन घरी आणलं आहे. परवा सकाळी अंगणात ठेवलं, टाकी भरली, दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. मी खुर्ची घेऊन समोर बसलो आणि डोळे मिटले. आवाजातलं मला आजही काही कळत नाही. धूर मात्र तोच होता. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून ओरडले, "मास्टर साहब, आँगन में तो फर्शी है. काट क्या रहे हो?"

मी डोळे न उघडता हात वर केला. म्हटलं, "टंकी खत्म होने दो."