खांद्यावरची सायकल

"उतर. लगेच आडवा हो. बूट मी काढतो," मी म्हणालो.

यान ट्रेनरवरून उतरला. ट्रेनर म्हणजे सायकलचं मागचं चाक अडकवून एका जागी पेडल मारायचा स्टँड. मी त्याला दम संपेपर्यंत पेडल मारायला लावलं होतं. तो टेबलावर धापा टाकत पडला आणि मी त्याच्या दोन्ही पावलांवर बोटं ठेवली. उजव्या पावलावर नाडी जोरात उडत होती. डाव्यावर काहीच लागेना. बोटं सरकवून पुन्हा शोधलं. बाहेर मस्कतचा एप्रिल तापला होता आणि हे पाऊल थंड होतं. घोट्याला पट्टा बांधून दोन्ही पायांचं प्रेशर घेतलं. डावीकडचं फारच कमी आलं.

मी बोटं तशीच ठेवून बसलो. हळूहळू डावी नाडी परत आली. थोड्या वेळाने दोन्ही पाय सारखे झाले, जणू काही झालंच नव्हतं. गेले कित्येक आठवडे मी हाच पाय तपासत होतो, पण दमलेला असताना एकदाही नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळचा अकोल्याचा. तेव्हा मस्कतमध्ये बौशरच्या एका स्पोर्ट्स क्लिनिकमध्ये होतो. यान बेल्जियमचा, पस्तिशीला टेकलेला, सायक्लो-क्रॉसचा व्यावसायिक रेसर. हा खेळ मलाही त्याच्यामुळेच कळला. थंडीच्या मोसमात, साधारण तासाभराची शर्यत. चिखल, वाळू, चढ, पायऱ्या, मध्ये आडव्या लावलेल्या फळ्या. जिथे सायकल चालत नाही तिथे उडी मारून उतरायचं, ती खांद्यावर घ्यायची, पळायचं आणि पळतापळताच पुन्हा सीटवर उडी घ्यायची. त्याची बायको मार्टा मस्कतच्याच मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका शाळेत शिक्षिका होती. मोसम संपला की तो वसंतात तिच्याकडे येऊन राही आणि बौशरच्या वाळूच्या टेकड्यांवर सराव करी.

तो माझ्याकडे आला तो निदान सोबत घेऊनच. डावी मांडी ऐन जोरात असताना बधिर होते, ताकद जाते. टीमच्या डॉक्टरांनी कंबरेची नस सांगितली होती. मीही कंबरच धरून बसलो. आमच्या धंद्यात पेशंट येतो, एसीत बसतो, पाणी पितो, मग आम्ही त्याला टेबलावर झोपवतो आणि तपासतो. तोवर यानचा पाय पूर्ण बरा झालेला असे. मी कंबर मोकळी करत राहिलो. कंबर खरोखर मोकळी झाली. पाय तसाच राहिला.

ट्रेनरची तपासणी मला सुचली ती आदल्या शुक्रवारच्या गमतीच्या रेसमुळे. मस्कतमधल्या हौशी सायकलवाल्यांनी वाळूत ती ठेवली होती आणि यान पाहुणा म्हणून उतरला. आमच्या क्लिनिकचा मदतनीस सावंत, कुडाळचा, माझ्याबरोबर आला होता. मालकांनी त्याला रिसेप्शनमध्ये लावायला फोटो काढून आणायला सांगितलं होतं.

एका साध्या चढावर सगळे हौशी लोक कसेबसे सायकलवर बसून वर गेले. यान मात्र उतरला, सायकल खांद्यावर टाकली आणि पळत त्यांच्या पुढे गेला. सावंतने तेवढ्यात फोटो घेतला.

"सर, ह्यो सायकल चालयता काय पालखी नाचयता?" तो म्हणाला. "बाकीचे बसान जातत, ह्यो आपलो धावता."

मी हसलो. पुढच्या फेरीला यान पुन्हा तिथेच उतरला, आणि हसू थांबलं. त्याच्या देशात त्याला सगळे उत्तम धावणारा म्हणून ओळखत. तो उत्तम धावत होता, कारण धावताना त्याचा पाय चालत होता. सायकलवर पुढे वाकून बसलं की मांडी जांघेत दुमडते. धावताना तितकी दुमडत नाही. पायाला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी ओटीपोटातून खाली उतरते. वर्षानुवर्षं दुमडून दुमडून काही सायकलपटूंमध्ये ती आतून जाड होते, अरुंद होते. विश्रांतीत पुरेसं रक्त जातं. पूर्ण जोर लावला की पुरत नाही. मी हे कधीतरी वाचलं होतं. आठवलं नव्हतं.

यानला मी टेबलावरच हे सगळं सांगितलं.

"ऑपरेशन?" त्याने विचारलं.

"आधी स्कॅन. मग सर्जन ठरवेल. बहुतेक हो."

"म्हणजे येणारा मोसम गेला."

"हो."

तो उठून बसला. "डॉक, या महिन्यात माझा करार व्हायचा आहे. मी थांबलो की माझ्या जागी विशीतला कुणीतरी येईल. मी शाळा सोडून सायकलवर बसलो, मला दुसरं काही येत नाही. एक मोसम दे मला. तो संपला की मी स्वतः सर्जनकडे जातो."

"त्या जागी गुठळी होऊ शकते, यान."

"होतेच?"

"होतेच असं नाही," मी म्हणालो. "क्वचित."

क्वचित हा शब्द पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. मी तो ज्या आवाजात बोललो तो बरोबर नव्हता. मला तो माणूस आवडत होता. शिवाय कित्येक आठवडे मी चुकीच्या जागी हात फिरवत होतो, हे कुणाला कळू नये असंही वाटत होतं.

दोनच दिवसांनी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते ओमानी, स्वभावाने दिलदार, यानचा फोटो मोठा करून भिंतीवर लावल्यामुळे खुशीत होते. फोन माझ्या हातात देत म्हणाले, "त्याच्या टीमचा मॅनेजर. यानने पाठ-कंबरेपुरती परवानगी दिली आहे, त्याबद्दल विचारतोय. यल्ला, चल, चांगलं सांग."

"पाठ कशी आहे?" मॅनेजरने विचारलं.

"पाठ उत्तम आहे."

"वाकणं, वळणं?"

"पूर्ण."

"म्हणजे मी सही करू?"

"पाठीच्या बाबतीत माझी काही हरकत नाही."

तो हसला. "तुम्ही फिजिओ लोक वकिलांसारखे बोलता."

मी फोन ठेवला. पेशंटने परवानगी दिली त्यापलीकडे त्याच्या टीमला काही सांगायचं नाही, हा नियम आहे. नियम माझ्या बाजूने होता. पण स्कॅन होईपर्यंत फोनवर यायलाच मी नकार देऊ शकलो असतो. तसा कुठलाही नियम आड येत नव्हता.

त्या संध्याकाळी मार्टा त्याला न्यायला आली. यान गाडीच्या मागे सायकल बांधत होता.

"तो सराव करून आला की डावी मांडी चोळत बसतो," ती मला म्हणाली. "हे पाठीचंच आहे ना?"

यानचे हात पट्ट्यावर थांबले. त्याने माझ्याकडे बघितलं.

"पाठीच्या दुखण्यात पायही दुखतो," मी म्हणालो.

हेही वाक्य खरं होतं. दर शुक्रवारी आम्ही महाराष्ट्रातली काही बौद्ध कुटुंबं कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये जमून पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या शुक्रवारी त्या ओळीला मी नुसते ओठ हलवले. खोटं बोललो नव्हतो, पण ते मनाला पटवावं लागत होतं.

यानने सही केली. शरद ऋतूत शर्यती सुरू झाल्या. आधीच्या काही त्याला बऱ्या गेल्या, एकदा तर तो तिसरा आला. मग एका चढावर पाय गेला. तो नेहमीसारखा उतरला, सायकल खांद्यावर घेऊन पळाला. या वेळी पाय परत आला नाही. गुठळी झाली होती. तातडीने ऑपरेशन झालं. पाय वाचला. शर्यती संपल्या.

पुढच्या वसंतात तो मार्टाकडे आला आणि पुन्हा माझ्याकडेच, या वेळी चालायला शिकायला. थोडं चाललं की पोटरी धरायची. मी त्याच्या शेजारून चालत होतो.

"माझ्यावर राग आहे?" मी विचारलं.

"तुझ्यावर? तू फोनवर पायाचं बोलला असतास तर ते तिसरं स्थान मला मिळालं नसतं." तो थांबला, पोटरी दाबली. "मार्टाला मी सांगितलंय की तुलाही काही माहीत नव्हतं. तेवढं सांभाळ."

मी मान डोलावली. तेव्हा तरी नाही म्हणायला हवं होतं.

शाळेचं वर्ष संपल्यावर ते दोघं ओमान सोडून गेले. जाण्याआधी मार्टा क्लिनिकमध्ये केक घेऊन आली. तुम्ही त्याच्यासाठी खूप केलंत, म्हणाली. मी थँक यू म्हणालो. केक सावंतने कापून सगळ्यांना वाटला.

"सर, तुमका नको?"

"नको रे."

"बरो असा पण."

त्यानंतर माझ्याकडे पाय घेऊन येणारा एकही खेळाडू आधी टेबलावर झोपत नाही. आधी त्याला दमवतो, मग हात लावतो. लोक कुरकुर करतात, पैसे देऊन घाम गाळायचा का म्हणतात. आणि कुणी फोनवर एखाद्या अवयवाबद्दल विचारलं, तर पेशंटला समोर बसवल्याशिवाय मी उत्तर देत नाही. माझी अक्कल इतकीच वाढली.

यानचा फोटो मी ते क्लिनिक सोडेपर्यंत रिसेप्शनमध्ये होता. खांद्यावर सायकल, तोंडभर वाळू, पुढे झेपावलेला देह. मागे हौशी लोक सायकलवर बसलेले. वाट बघणारे पेशंट त्याच्याकडे बघून म्हणायचे, काय जिद्द आहे बघा माणसाची. मी पुढचं नाव पुकारायचो.