पापण्या वर गेल्यावर

घोटावडे फाट्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी सिस्टर आहे. ऑपरेशनआधी पेशंटला सगळं समजावून सांगायचं कामही माझ्याच गळ्यात. फायलींना निदान कपाट आहे, किस्से कुठं ठेवायचे? परवा माझी जाऊ आरशासमोर पापणी वर ओढून म्हणाली, "मला पण हे ऑपरेशन करायचंय. काय काय होतं गं?" म्हटलं, बस, चहा टाक. दोन पेशंटची हकीकत सांगते, त्यात सगळं आलं!

* * *

पहिल्या, नेरे गावच्या सुलभाताई. पन्नाशीच्या, घरची शेती, आता चार खोल्या आयटीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. वरच्या पापणीची कातडी सुटून डोळ्यांवर आली होती. "मी हसले तरी ती पोरं विचारत्यात, काकू, कोन गेलं?"

आमच्या डॉक्टर मॅडम ऑपरेशनआधी विचारतात, डोळे कसे हवेत? लोक हिरॉइनचे फोटो आणतात. सुलभाताईंनी पिशवीतून स्वतःच्या लग्नाचा फोटो काढला. "हे आसं करा."

मॅडमनी फोटो उजेडात धरला, तिरका धरला. "अहो ताई, यात तर तुमचे डोळे मिटलेलेच आहेत!"

"मग! लग्नात कोन डोळं वर करतंय?"

* * *

दुसरे घोटावड्याचेच बबनमामा. एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. त्यांच्या पापण्या तर थेट बुबुळावर आलेल्या. ते हौसेनं आले नव्हते, नोकरीवर गदा आली म्हणून आले होते.

"म्या झोपत न्हाई, शिस्टरबाई. पापन्याच खाली येत्यात. साहेब क्यामेऱ्यात बघतो आन म्हनतो, बबन झोपला. आता म्हनलाय, परत दिसलास तर गेटाभाईर!"

मामी शेजारी बसून पदरानं डोळे पुसत होत्या. या वयात दुसरीकडं कोण ठेवणार? मला खरंच वाईट वाटलं. मॅडमनी तपासलं, तर वरचं खरोखरच कमी दिसत होतं. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि चांगलं खडसावलं. "माणूस जागा असतो हो, पापण्या पडतात! ऑपरेशन झालं की बघा."

साहेब नरमले. म्हणाले, ऑपरेशन होऊ द्या, मग मी स्वतः बघतो. मामांची नोकरी आता पापण्यांवर टांगलेली!

* * *

दोघांनाही एकदमच समोर बसवून मी सूचना सांगितल्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनानं बंद करू नका. घरी गेल्यावर थंड पट्ट्या ठेवायच्या, उशी उंच घ्यायची. मलमानं थोडे दिवस अंधुक दिसेल, घाबरायचं नाही. डोळे चोळायचे नाहीत. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही.

मामांनी मान डोलावली. सुलभाताई मात्र उठल्या, बाहेर गेल्या आणि सासूबाईंना हाताला धरून आत घेऊन आल्या.

"शिस्टर, वाकायचं न्हाई, तितनं परत सांगा. जरा मोठ्यानं!"

* * *

ऑपरेशनला पूर्ण भूल देत नाहीत. पापणीत बारीक सुई टोचून तेवढीच जागा बधिर करतात. टोचताना चुरचुरतं, मग फक्त ओढल्यासारखं वाटतं. माणूस जागा लागतो, कारण मधेच डोळे उघडायला आणि मिटायला लावतात. दोन्ही बाजू सारख्या झाल्या का, ते त्यावरनं कळतं.

सुलभाताई तासभर टेबलावर अखंड बोलत होत्या. मॅडमना शेवटी गप्प बसा म्हणावं लागलं.

मग मामांचा नंबर. एक डोळा झाला आणि बारीक घरघर ऐकू यायला लागली. मी आधी एसीकडं बघितलं. एसी नव्हता, मामा होते!

मॅडम म्हणाल्या, "बबनमामा, डोळे उघडा."

घरघर थांबली. डोळे तसेच मिटलेले. पण आवाज असा खणखणीत आला, की मदतनीस पोरगी दचकली.

"जागाच हाय, साहेब!"

* * *

दुसऱ्या दिवशी डोळे सुजतात, काळेनिळे होतात. पंधरा दिवसांत उतरतं सगळं. हे मी दोघांच्या घरच्यांना बजावून सांगितलं होतं. पण सुलभाताईंनी माहेरी कळवलंच नव्हतं. भावजया हसतील म्हणून!

आणि नेमके त्याच दिवशी मुठे गावाहून त्यांचे दोन्ही भाऊ तांदूळ घेऊन आले. बहिणीचे डोळे बघितले. काही न विचारता तांदळाचं पोतं खाली ठेवलं आणि दाजींकडं वळले.

मला फोन आला तो दाजींचा, न्हाणीघरातून, आतून कडी लावून. "शिस्टर, आमच्या मेव्हन्याला सांगा! म्या हात लावला न्हाई हो!" मागं दार धडाधडा वाजत होतं. सुलभाताई ओरडून सांगत होत्या, पण नवऱ्याला वाचवायला बोलतेय असंच भावांना वाटत होतं.

फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि मी सगळं समजावलं. दार वाजायचं थांबलं. थोरला भाऊ फोनवर आला.

"व्हय का! दोनी डोळं अगदी सारखंच काळं हायेत, म्हनून मी बी म्हनलं, दाजीचा नेम एवढा कवापास्नं बसाया लागला?"

* * *

आठवड्यानं दोघांचे टाके काढले. सूज उतरली. सुलभाताई खूश. मामाही कामावर रुजू झाले. मी रोज मनात म्हणायची, देवा, त्या माणसाची नोकरी तेवढी राहू दे.

दीड महिन्यानं मामा तपासणीला आले. डोळे कसे टपोरे झाले होते! पापण्या जागच्या जागी, व्रण शोधूनही सापडत नव्हता. मॅडमनी कौतुकानं मलाही बोलावून दाखवलं.

"मामा, दिसतं ना नीट?"

"लई ब्येस! पार फाट्यापतूर दिसतंय."

"आणि साहेब काय म्हणतात?"

मामांनी टोपी काढली, परत घातली. मग खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, "बाई, पापन्या थोड्या, अगदी थोड्या खाली सोडता येत्याल का परत?"

मॅडम चमकल्या. "अहो, का? एवढं छान झालंय!"

"झालंय छानच. पन बाई, आदी डोळं मिटलं तरी म्हनता येत व्हतं, पापन्या पडल्यात. आता काय सांगू?"