मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण

आम्ही शहरात, गारखेड्यात राहत होतो आणि हे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला होते, तेव्हा यांचं पोट बिघडलं. कधी कळ येऊन सारखं जावं लागायचं, कधी पोट नुसतं दगडासारखं. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. डॉक्टर म्हणाले, "आतडं हळवं आहे. जपावं लागेल."

मग मी स्वयंपाक बदलला. तिखट, कांदा, लसूण, शेंगदाण्याचा कूट, सगळं यांच्या ताटातून गेलं. मुगाचं पातळ वरण, गुरगुट्या भात, साल काढून शिजवलेला दोडका, वरून जिऱ्याची फोडणी. हे मुकाट जेवायचे. येसराच्या झणझणीत, मसालेदार आमटीवर वाढलेल्या माणसाला ते गोड कसं लागावं?

सासूबाई कन्नडजवळच्या गावी धाकट्या दिरांकडे असत. तिथं गेलं की हे दोन घास खाऊन उठत. त्या म्हणत, "शहरातलं खाऊन माझ्या हातचं कडू झालं का रं?" पोटाचं आईला सांगायची यांना लाज वाटे, आणि मलाही सांगू देत नसत. सासूबाई माझ्याकडे बघत, ते लेकाला मीच तोडल्यासारखं.

एकदा डोळे दाखवायला त्या आमच्याकडे आल्या. सकाळी ड्युटीला निघताना यांना कळ आली. संडासातून आले, बूट घातले, पुन्हा गेले. तोवर कारखान्याची बस निघून गेली. हे भिंतीला टेकून खाली बसले. कपाळावर घाम होता.

सासूबाई बघत होत्या. "रोजच होतं असं?"

"रोज नाय, आई. पण कधी होईल त्याचा नेम नाय."

दुपारी मी स्वयंपाक करताना त्या जवळ येऊन बसल्या.

"भातात पाणी किती घालतीस?"

मी दाखवलं.

"आन् वरणात मिरची अजिबात नाय?"

"नाही, आत्याबाई."

जाताना दिवाळीला या म्हणाल्या. दिवाळीत आम्ही एसटीनं निघालोही, पण वेरूळच्या अलीकडंच यांचं पोट इतकं दुखलं की उतरावं लागलं. तिथूनच परत आलो. बरं वाटलं की जाऊ, असं म्हणत राहिलो. त्याच थंडीत सासूबाई झोपेतच गेल्या.

दहावं झाल्यावर जाऊबाई आम्हाला म्हणाल्या, "दिवाळीला त्यांनी मला चुलीपाशी येऊ दिलं नाय. मसाल्याचा वास लागंल म्हणून नवं पातेलं काढलं. तुमच्यासाठी मऊ भात केला, वरण केलं. दिवस मावळेस्तोवर दारात बसल्या. मग म्हणल्या, पोट दुखलं असंल पोराचं."

हे उठून बाहेर गेले. गोठ्याशी पाठमोरे उभे राहिले. मी मागं गेले नाही.

आता गावी गेलं की जाऊबाई यांच्यासाठी वेगळं शिजवतात. हे पोटभर जेवतात, स्वतःचं ताट धुऊन ठेवतात. आईचा विषय मात्र काढत नाहीत.